डिजिटल डीजे यंत्रणेतील तांत्रिक बिघाड व प्रतिबंध

डिजिटल डीजे यंत्रणा म्हणजे संगणकीय स्वरूपात साठवलेले संगीत निवडणे, एकमेकांत मिसळणे आणि ध्वनिवर्धकांपर्यंत पोहोचवणे यांसाठी वापरला जाणारा उपकरणसंच होय. नाइटक्लब, मंगल कार्यालये, लॉन, सार्वजनिक उत्सव आणि मिरवणुका अशा ठिकाणी ही यंत्रणा वापरली जाते. कार्यक्रम चालू असताना संगीत अचानक थांबणे, आवाज फाटणे, गुणगुण ऐकू येणे किंवा उपकरण बंद पडणे हे तिच्यातील नेहमीचे बिघाड आहेत. यांपैकी बहुतेक बिघाडांचे मूळ उपकरणाच्या सदोष घडणीत नसते. ते वीजपुरवठा, उष्णता, जोडण्या आणि संगीतफाइलींची अपुरी तयारी यांत आढळते. त्यामुळे पूर्वतयारीने ते टाळता येतात.

ही उपकरणे प्रामुख्याने बंदिस्त, वातानुकूलित आणि कायमस्वरूपी मांडणी असलेल्या नाइटक्लबसाठी तयार केली जातात. महाराष्ट्राच्या ग्रामीण व निमशहरी भागांत मात्र ती रोज जोडली आणि सोडवली जातात, जनरेटरवर चालवली जातात व उघड्यावर वापरली जातात. वर्धा जिल्हा हे अशा वापराचे एक उदाहरण आहे.

संज्ञा

डीजे हे डिस्क जॉकी या शब्दांचे संक्षिप्त रूप असून त्याचा मूळ अर्थ ध्वनिमुद्रिका वाजवणारी व्यक्ती असा आहे. महाराष्ट्रात हा शब्द दोन अर्थांनी रूढ आहे. क्लबमध्ये डीजे म्हणजे संगीताची निवड व मिश्रण करणारा कलाकार. तर लग्नाची वरात आणि उत्सवातील मिरवणूक यांच्या संदर्भात डीजे म्हणजे ध्वनिवर्धकांच्या भिंती, प्रकाशझोत आणि जनरेटर वाहून नेणारा संपूर्ण वाहनसंच. प्रस्तुत लेखात ‘डीजे’ हा शब्द व्यक्तीसाठी आणि ‘डीजे यंत्रणा’ हा शब्द उपकरणांसाठी वापरला आहे.

इतिहास

टेक्निक्स कंपनीचा एसएल-१२०० हा तबकडीवादक १९७२ साली बाजारात आला. त्याची १९७९ मधील सुधारित आवृत्ती जगभरातील क्लबांमध्ये प्रमाण मानली गेली. पायोनियर कंपनीने १९९४ साली सीडीजे-५०० आणि २००१ साली सीडीजे-१००० हे सीडी प्लेअर आणले. २००४ साली सेराटो स्क्रॅच लाइव्ह ही प्रणाली आली. तिच्यामुळे विशेष संकेत कोरलेल्या तबकडीच्या साहाय्याने संगणकातील फाइल नियंत्रित करणे शक्य झाले. २००९ सालच्या सीडीजे-२००० मध्ये यूएसबी पेनड्राइव्हवरून संगीत वाजवण्याची सोय होती. त्यानंतर क्लबमध्ये जाणाऱ्या डीजेला केवळ पेनड्राइव्ह व हेडफोन नेणे पुरेसे ठरू लागले.

परिसरानुसार माध्यम निवडण्याची परंपरा याहून जुनी आहे. गोव्यात हणजूण किनाऱ्यावर १९८० व १९९० च्या दशकांत होणाऱ्या नृत्यमैफलींमध्ये डीजे तबकड्यांऐवजी कॅसेट आणि पुढे डिजिटल ऑडिओ टेप वापरत असत. उन्हाने विनाइलच्या तबकड्या वाकतात आणि धुळीमुळे सुई उडते, हे त्यामागील एक कारण होते. गोवा गिल या नावाने प्रसिद्ध असलेले डीजे अखेरपर्यंत टेपवरूनच वादन करीत.

तंत्र बदलले तसे बिघाडांचे स्वरूपही बदलले. तबकडीवर ओरखडा पडला तर एक गाणे खराब होई. पेनड्राइव्हची नोंदसूची बिघडली तर एकाच वेळी सर्व संग्रह अनुपलब्ध होतो.

यंत्रणेची रचना

डीजे यंत्रणा ही एकापुढे एक जोडलेल्या उपकरणांची साखळी असते. तिच्यातील प्रमुख घटक पुढीलप्रमाणे आहेत.

१. ध्वनिस्रोत : यूएसबी प्लेअर, लॅपटॉप व कंट्रोलर, किंवा संकेत-तबकडीसह तबकडीवादक.
२. मिक्सर : दोन किंवा अधिक स्रोतांचे मिश्रण व पातळीनियंत्रण करणारे उपकरण.
३. प्रक्रियक : मंद्र, मध्य व तार कंप्रता वेगळ्या करणारा क्रॉसओव्हर आणि आवाज ठरावीक मर्यादेपुढे जाऊ न देणारा लिमिटर.
४. अ‍ॅम्प्लिफायर : संकेताची शक्ती वाढवणारे उपकरण.
५. ध्वनिवर्धक : विद्युतसंकेताचे ध्वनीत रूपांतर करणारे संच. मंद्र कंप्रतांसाठी सबवूफर स्वतंत्र असतात.

साखळीतील एक कडी तुटली तरी संपूर्ण संगीत थांबते. म्हणून बिघाड शोधताना स्रोतापासून ध्वनिवर्धकापर्यंत क्रमाने जाणे ही मान्य पद्धत आहे.

वर्धा जिल्ह्यातील परिस्थिती

महात्मा गांधी १९३६ साली सेवाग्राम येथे राहण्यास आले. विनोबा भावे यांचा पवनार येथील आश्रमही याच जिल्ह्यात आहे. या वारशामुळे वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी लागू आहे. मद्यालयाशी जोडलेला नाइटक्लब हा व्यवसाय त्यामुळे येथे रुजला नाही. त्या स्वरूपाच्या मनोरंजनासाठी सर्वांत जवळचे मोठे शहर सुमारे ७५ किलोमीटरवरील नागपूर होय.

क्लब नसले तरी क्लबमधील उपकरणे जिल्ह्यात आहेत. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, देवळी आदी गावांमध्ये लग्नसमारंभ, गणेशोत्सव, दुर्गोत्सव आणि १४ एप्रिल रोजी साजरी होणारी डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंती अशा प्रसंगी डीजे यंत्रणा भाड्याने घेतली जाते. क्लब आणि हा वापर यांत तीन ठळक फरक आहेत.

पहिला फरक मांडणीचा आहे. क्लबमधील तारा एकदा बसवल्या की वर्षानुवर्षे हलत नाहीत. भाड्याची यंत्रणा लग्नसराईत जवळजवळ रोज जोडली व सोडवली जाते, त्यामुळे पिना, सॉकेट आणि तारांची टोके लवकर झिजतात. दुसरा फरक विजेचा आहे. क्लबला स्वतंत्र जोडणी असते. लॉन किंवा वाहनावर पुरवठा जनरेटरवर किंवा तात्पुरत्या जोडणीवर अवलंबून असतो. तिसरा फरक हवामानाचा आहे. वर्ध्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंश सेल्सियसपलीकडे जातो, तर गणेशोत्सव पावसाळ्यात येतो. क्लबमधील प्रचलित प्लेअर व मिक्सर यांच्या माहितीपुस्तिकांत वापरासाठी साधारणपणे ५ ते ३५ अंश सेल्सियस तापमान आणि ८५ टक्क्यांपेक्षा कमी आर्द्रता ही मर्यादा दिलेली असते. विदर्भातील उन्हाळी वरात ही सुरुवातीपासूनच या मर्यादेबाहेर असते.

बिघाडांची कारणे व प्रतिबंध

वीजपुरवठा

भारतातील घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्ट व ५० हर्ट्झ इतका असतो. डिजिटल प्लेअर व लॅपटॉप यांना व्होल्टेजमधील क्षणिक घटही बाधते. दिवा क्षणभर मंद झालेला जाणवतही नाही, पण तेवढ्याने प्लेअर बंद पडून पुन्हा सुरू होऊ शकतो आणि गाणे पुन्हा चालू होण्यास वेळ लागतो. म्हणून प्लेअर, मिक्सर व लॅपटॉप यांसाठी यूपीएस वापरला जातो. ही उपकरणे कमी वीज घेतात, त्यामुळे लहान क्षमतेचा यूपीएसही पुरतो. अ‍ॅम्प्लिफायर मात्र त्यावर जोडले जात नाहीत.

जनरेटर निवडताना केवळ सरासरी वीजवापर पाहणे अपुरे ठरते. सबवूफरच्या प्रत्येक ठोक्याला अ‍ॅम्प्लिफायर क्षणभर पुष्कळ अधिक प्रवाह ओढतो. जनरेटर लहान असल्यास ठोक्यागणिक व्होल्टेज खाली येते, दिवे लुकलुकतात व डिजिटल उपकरणे अस्थिर होतात. त्यामुळे जनरेटरची क्षमता एकूण गरजेपेक्षा पुरेशी अधिक ठेवली जाते. ध्वनी व प्रकाश यांच्या जोडण्या शक्यतो वेगळ्या केल्या जातात.

तीन फेजच्या पुरवठ्यात न्यूट्रल तार तुटणे किंवा सैल होणे हा सर्वांत महागडा बिघाड मानला जातो. अशा वेळी दोन फेजांमधील सुमारे ४०० व्होल्ट निरनिराळ्या फेजांवरील उपकरणांत असमान विभागले जातात. ज्या फेजवर भार कमी, तेथील उपकरणांवर २३० पेक्षा बरेच अधिक व्होल्टेज येऊन ती जळतात. तात्पुरत्या जोडणीत हा धोका अधिक असतो. उपकरणे जोडण्यापूर्वी मल्टीमीटरने फेज व न्यूट्रल यांमधील व्होल्टेज मोजणे, न्यूट्रलचे जोड घट्ट असल्याची खात्री करणे आणि अतिरिक्त व्होल्टेजला पुरवठा तोडणारे संरक्षक बसवणे हे त्यावरील उपाय आहेत.

उपकरणे चालू करण्याचा क्रमही महत्त्वाचा असतो. प्रथम स्रोत व मिक्सर, नंतर प्रक्रियक आणि शेवटी अ‍ॅम्प्लिफायर चालू केले जातात. बंद करताना हा क्रम उलटा असतो. अ‍ॅम्प्लिफायर आधी चालू असेल, तर मिक्सर चालू होतानाचा धक्का ध्वनिवर्धकापर्यंत पोहोचून त्याची कॉइल निकामी होऊ शकते.

अर्थिंग व गुणगुण

ध्वनिवर्धकातून सतत ऐकू येणारी ५० किंवा १०० हर्ट्झची गुणगुण बहुधा अर्थिंगच्या वलयामुळे निर्माण होते. दोन उपकरणे वेगवेगळ्या ठिकाणच्या अर्थिंगला जोडलेली असली आणि ध्वनीच्या तारेनेही एकमेकांशी जोडलेली असली की हे वलय तयार होते व त्यातून वाहणारा सूक्ष्म प्रवाह ध्वनिसंकेतात मिसळतो. लॅपटॉप चार्जरवर असताना गुणगुण येते व चार्जर काढल्यावर थांबते, हे त्याचे ओळखीचे लक्षण आहे.

सर्व ध्वनिउपकरणांना एकाच ठिकाणाहून वीज देणे, दोन संकेततारा व कवच असलेल्या संतुलित एक्सएलआर तारा वापरणे आणि आवश्यक तेथे विलगन ट्रान्सफॉर्मर बसवणे हे योग्य उपाय आहेत. गुणगुण घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याची प्रथा अनेक ठिकाणी आढळते. ती प्राणघातक ठरू शकते. उपकरणात दोष निर्माण झाल्यास त्याच्या धातूच्या पेटीवर विद्युतप्रवाह उतरतो आणि अर्थिंग नसल्यास तो स्पर्श करणाऱ्याच्या शरीरातून जमिनीत जातो.

उष्णता, धूळ व आर्द्रता

तापमान वाढले की लॅपटॉपचा प्रक्रियक स्वतःचा वेग कमी करतो. संगीताची गणना वेळेत न झाल्याने आवाजात खंड पडतो किंवा कटकट ऐकू येते. अ‍ॅम्प्लिफायर एका मर्यादेनंतर संरक्षणासाठी स्वतः बंद होतात. उपकरणांवर थेट ऊन पडू न देणे, मागे व बाजूंना हवेसाठी जागा सोडणे, एकावर एक अ‍ॅम्प्लिफायर ठेवताना मधे अंतर राखणे, लॅपटॉप उंच स्टँडवर ठेवणे आणि पंख्यांच्या जाळ्या नियमित साफ करणे हे प्रतिबंधक उपाय होत. काळ्या रंगाचे उपकरण उन्हात हवेपेक्षाही अधिक तापते. त्यामुळे उन्हाळ्यात केवळ सावलीची व्यवस्थाही मोठा फरक घडवते.

धुळीने फेडर व नियंत्रणचकत्या खरखरतात. उपकरण वापरात नसताना झाकणे आणि संपर्क साफ करण्यासाठीचा योग्य द्रव वापरणे आवश्यक असते. स्वयंपाकाचे किंवा शिलाई यंत्राचे तेल वापरल्यास धूळ अधिकच चिकटते. थंड जागेतून दमट हवेत आणलेल्या उपकरणाच्या आत दव साचू शकते. अशा वेळी ते एक-दोन तास तसेच ठेवून मग चालू केले जाते. क्लबमध्ये पेय सांडणे हे बिघाडाचे नेहमीचे कारण असल्याने डीजेच्या टेबलावर पेये ठेवण्यास मनाई असते. लग्नाच्या लॉनमध्ये सरबत, चहा व पाऊस यांबाबत हीच काळजी लागू पडते.

साठवण माध्यम व फाइली

पेनड्राइव्ह कोणत्या पद्धतीने फॉरमॅट केला आहे, यावर तो प्लेअरला वाचता येईल की नाही हे ठरते. फॅट-३२ ही पद्धत जुन्या व नव्या बहुतेक क्लब प्लेअरांवर चालते. विंडोजची एनटीएफएस ही पद्धत सीडीजे मालिकेतील प्लेअरांवर चालत नाही. फॅट-३२ मध्ये एका फाइलचा आकार ४ गिगाबाइटपेक्षा कमी असावा लागतो. या पद्धतीत अपुऱ्या राहिलेल्या नोंदी दुरुस्त करण्याची अंगभूत सोय नसते. त्यामुळे संगणकातून पेनड्राइव्ह ओढून काढल्यास नोंदसूची बिघडण्याची शक्यता असते. ‘इजेक्ट’ करूनच तो काढणे हा त्यावरील साधा उपाय आहे.

फाइलींच्या प्रकारांपैकी एमपी३, एएसी, डब्ल्यूएव्ही व एआयएफएफ हे प्रकार व्यापक प्रमाणात चालतात. एफएलएसी प्रकारच्या फाइली सीडीजे मालिकेत २०१६ सालच्या सीडीजे-२०००एनएक्सएस२ पासून चालू लागल्या. त्याआधीच्या प्लेअरवर त्या वाजत नाहीत व ई-८३०५ असा दोषसंकेत दिसतो. प्लेअर कोणता मिळेल याची खात्री नसल्यास ३२० किलोबिट प्रतिसेकंद दराची एमपी३ किंवा ४४.१ किलोहर्ट्झ व १६ बिटची डब्ल्यूएव्ही ही सुरक्षित निवड मानली जाते. गाण्यांचे लयविश्लेषण आधीच करून ते पेनड्राइव्हवर निर्यात केलेले असल्यास प्लेअरला गाणे उघडण्यास वेळ लागत नाही.

फिरत्या चकतीची हार्ड डिस्क सबवूफरजवळ ठेवल्यास कंपनांमुळे वाचनात चुका होतात. म्हणून एसएसडी किंवा पेनड्राइव्ह अधिक योग्य ठरतो. संग्रहाची किमान एक प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर व एक घरी अशी विभागून ठेवली जाते.

संगणक व सॉफ्टवेअर

लॅपटॉपवर आधारित यंत्रणेत संगीत लहान तुकड्यांत ध्वनिकार्डाकडे पाठवले जाते. या तुकड्याच्या आकाराला बफर म्हणतात. ४४.१ किलोहर्ट्झ नमुनादरास २५६ नमुन्यांचा बफर सुमारे ५.८ मिलिसेकंद, तर १०२४ नमुन्यांचा सुमारे २३.२ मिलिसेकंद विलंब निर्माण करतो. बफर लहान असेल तर कळ दाबताच प्रतिसाद मिळतो, पण संगणकावरील ताण वाढून आवाज तुटू शकतो. बफर मोठा असेल तर आवाज स्थिर राहतो, पण हाताच्या हालचालीस प्रतिसाद उशिरा मिळतो. त्यामुळे स्वतःच्या संगणकावर दीर्घ चाचणी घेऊन, आवाज न तुटणारा सर्वांत लहान बफर ठरवला जातो.

स्वयंचलित अद्ययावतीकरण, विषाणुरोधक तपासणी, वीजबचत आणि यूएसबीची निद्रावस्था ही वैशिष्ट्ये कार्यक्रमादरम्यान बंद ठेवली जातात. वायफाय व ब्लूटूथ यांची गरज नसल्यास तेही बंद केले जातात. कार्यक्रमाच्या आठवड्यात संगणकप्रणाली बदलू नये, असा सर्वसाधारण संकेत आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये आलेल्या मॅकओएस कॅटालिना या आवृत्तीत आयट्यून्स हे सॉफ्टवेअर काढून टाकण्यात आले. त्याच्या याद्यांवर अवलंबून असलेली डीजे सॉफ्टवेअरे त्यामुळे अडचणीत आली आणि घाईने अद्ययावतीकरण करू नये असा इशारा वापरकर्त्यांना देण्यात आला. इंटरनेटवरून थेट गाणी वाजवणाऱ्या सेवांवर पूर्णतः अवलंबून राहणेही जोखमीचे असते, कारण गर्दीच्या ठिकाणी मोबाइल नेटवर्क मंदावते.

जोडण्या

यूएसबी २.० तारेची कमाल लांबी ५ मीटर असते. कंट्रोलर थेट लॅपटॉपला जोडणे श्रेयस्कर असते. हब वापरायचाच असल्यास तो स्वतंत्र वीजपुरवठा असलेला असावा लागतो. अनेक प्लेअर एकाच पेनड्राइव्हवरून चालवण्यासाठी ते नेटवर्क तारेने जोडले जातात. हे नेटवर्क केवळ प्लेअरांपुरते ठेवले जाते व सभागृहाच्या इंटरनेट राउटरला जोडले जात नाही. अशा जोडणीत ज्या प्लेअरमध्ये पेनड्राइव्ह आहे तो बंद पडल्यास इतर प्लेअरांचाही स्रोत तुटतो. म्हणून दुसऱ्या प्लेअरमध्ये स्वतंत्र पेनड्राइव्ह ठेवला जातो.

तारा कोपर आणि अंगठा यांभोवती आवळून गुंडाळल्यास आतील तंतू तुटतात. मोठ्या वळशांत, तारेच्या नैसर्गिक वळणाप्रमाणे गुंडाळल्यास त्या अधिक टिकतात. वीज व ध्वनी यांच्या तारा शेजारी समांतर न नेता वेगळ्या मार्गाने नेल्या जातात. एकमेकींना ओलांडणे अटळ असल्यास काटकोनात ओलांडल्या जातात. तारांना दोन्ही टोकांस क्रमांक दिल्याने जोडणीतील चुका कमी होतात.

तबकडीवादक व कंपन

संकेत-तबकडीवर एका ठरावीक कंप्रतेचा सूर कोरलेला असतो. सेराटोच्या तबकडीत तो १ किलोहर्ट्झचा असतो. सुईवर धूळ असल्यास, सबवूफरची कंपने टेबलापर्यंत पोहोचल्यास किंवा मिक्सरवरील फोनो व लाइन ही कळ चुकीच्या जागी असल्यास संगणकाला हा सूर नीट वाचता येत नाही व गाणे अडखळते. टेबल जमिनीवर भक्कम असणे, तबकडीवादकाखाली कंपनशोषक बैठक असणे आणि त्याची अर्थिंगची बारीक तार मिक्सरला जोडलेली असणे आवश्यक असते. लाकडी मंचावर किंवा वाहनावर ही पद्धत सहसा टाळली जाते.

ध्वनिपातळी व विकृती

डिजिटल ध्वनीला शून्य डेसिबल ही कमाल पातळी असते. त्यापलीकडे संकेत वाढत नाही. त्याची शिखरे कापली जातात व आवाज फाटतो. मिक्सरवरील लाल दिवा सतत पेटलेला असणे हे त्याचे लक्षण आहे. कापलेल्या संकेतात तार कंप्रतांची ऊर्जा वाढते आणि ध्वनिवर्धकांतील ट्विटर जळतात. मिक्सर हिरव्या व क्वचित पिवळ्या पातळीवर ठेवून आवश्यक जोर अ‍ॅम्प्लिफायरकडून घेणे, तसेच लिमिटरची मर्यादा तंत्रज्ञाने ठरवून कुलूपबंद ठेवणे हे उपाय आहेत. अधिक आवाजाची मागणी पूर्ण करण्यासाठी मिक्सर लाल पातळीवर नेल्याने आवाजापेक्षा विकृतीच वाढते.

पर्यायी व्यवस्था

कोणताही प्रतिबंध परिपूर्ण नसल्याने बिघाड झाल्यावरही संगीत चालू राहील अशी तरतूद केली जाते. दोन समान पेनड्राइव्ह, मिक्सरच्या रिकाम्या वाहिनीला जोडलेला मोबाइल किंवा वेगळा संगीतवादक, प्रत्येक प्रकारची एक जादा तार, जादा फ्यूज आणि हेडफोन एवढी सामग्री बहुतेक प्रसंगी पुरेशी ठरते. पर्यायी स्रोत आधीच जोडलेला व त्याची पातळी जुळवलेली असणे महत्त्वाचे असते. पेटीत ठेवलेला पर्याय अंधारात व गर्दीत उपयोगी पडत नाही. माध्यम तुटल्यास गाण्याचा शेवटचा लहान भाग पुन्हा पुन्हा वाजवत राहण्याची सोय काही प्लेअरांमध्ये असते. त्या अवधीत दुसऱ्या प्लेअरवर गाणे सुरू करता येते.

कार्यक्रमापूर्वीची तपासणी

* मल्टीमीटरने फेज–न्यूट्रल व न्यूट्रल–अर्थिंग व्होल्टेज मोजणे. दुसरे मोजमाप काही व्होल्टपेक्षा अधिक असल्यास विद्युततंत्रज्ञाकडून दोष शोधणे.
* जनरेटरचे इंधन, क्षमता व जागा तपासणे. धुरामुळे गुदमरण्याचा धोका असल्याने तो बंदिस्त जागेत न ठेवणे.
* प्रत्येक वाहिनी, प्रत्येक तार व प्रत्येक ध्वनिवर्धक स्वतंत्रपणे ऐकून पाहणे.
* पेनड्राइव्ह प्रत्यक्ष वापरायच्या प्लेअरमध्ये घालून गाणी उघडून पाहणे.
* लॅपटॉप चार्जरवर व बॅटरीवर अशा दोन्ही स्थितींत गुणगुण तपासणे.
* पूर्ण भारावर किमान अर्धा तास यंत्रणा चालवून तापमान व व्होल्टेज पाहणे.
* पर्यायी स्रोतावरून एकदा आवाज काढून पाहणे.
* वीज तोडण्याचा मुख्य स्विच कोठे आहे हे सर्व सहकाऱ्यांना दाखवणे.

बिघाड झाल्यास

संगीत थांबल्यावर प्रथम मिक्सरचे पातळीदर्शक पाहिले जातात. ते हलत असतील तर दोष मिक्सरच्या पुढे, म्हणजे प्रक्रियक, अ‍ॅम्प्लिफायर किंवा ध्वनिवर्धकात असतो. ते स्थिर असतील तर दोष स्रोतात किंवा त्याच्या तारेत असतो. या एका निरीक्षणाने शोधाचे क्षेत्र निम्मे होते. स्रोतातील दोष असल्यास पर्यायी स्रोत चालू करून मग कारण शोधले जाते. एका वेळी एकच बदल करणे आवश्यक असते. अनेक तारा एकदम काढल्यास मूळ दोष हरवतो व नवा निर्माण होतो. तार काढण्यापूर्वी संबंधित वाहिनीचा आवाज शून्यावर आणला जातो. जळका वास, ठिणगी किंवा स्पर्शाने झिणझिण्या जाणवल्यास दुरुस्तीचा प्रयत्न न करता मुख्य पुरवठा तोडला जातो.

विद्युतसुरक्षा

तात्पुरत्या जोडणीवर ३० मिलिअँपिअर संवेदनक्षमतेचा आरसीसीबी बसवल्यास गळती होताच पुरवठा तुटतो व जीवितहानी टळू शकते. उघडे जोड, टेप गुंडाळलेल्या तारा आणि पाण्यात पडलेले एक्स्टेंशन बोर्ड हे पावसाळी मिरवणुकांतील प्रमुख धोके आहेत.

वाहनावरील यंत्रणेला सर्वांत मोठा धोका रस्त्यावरील उच्चदाब वाहिन्यांचा असतो. जुलै २०२३ मध्ये उत्तर प्रदेशातील मेरठ जिल्ह्यात आणि ऑगस्ट २०२४ मध्ये बिहारमधील हाजीपूर येथे कावडयात्रेतील डीजे वाहनांचा उच्चदाब तारेशी संपर्क होऊन अनेक यात्रेकरूंचा मृत्यू झाला. ध्वनिवर्धकांच्या भिंतीची उंची मर्यादित ठेवणे, मिरवणुकीचा मार्ग आधी पाहून घेणे, वाहनाच्या टपावर कोणालाही बसू न देणे आणि काठीने तारा उचलण्याचा प्रयत्न न करणे या खबरदाऱ्या अत्यावश्यक आहेत. मार्गावरील लोंबकळणाऱ्या तारांची सूचना महावितरणला आधी देता येते.

ध्वनिमर्यादा व श्रवण

ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल, तर वाणिज्य क्षेत्रात दिवसा ६५ व रात्री ५५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत बंदिस्त सभागृहांचा अपवाद वगळता ध्वनिवर्धक वापरता येत नाही. राज्य शासन वर्षातून कमाल १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ रोजीच्या निकालात या नियमांच्या अंमलबजावणीवर भर दिला. रुग्णालये, शाळा व न्यायालये यांभोवतीच्या किमान १०० मीटरच्या घोषित शांतता क्षेत्रात मर्यादा आणखी कडक, म्हणजे दिवसा ५० व रात्री ४० डेसिबल आहे. सेवाग्राम व सावंगी (मेघे) येथे मोठी रुग्णालये असल्याने वर्धा परिसरात या तरतुदीस विशेष महत्त्व आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली मनोरंजनस्थळांसाठी १५ मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबल ही कमाल पातळी सुचवली. ध्वनिपातळी ३ डेसिबलने वाढली की ध्वनिऊर्जा दुप्पट होते व सुरक्षित कालावधी निम्मा होतो. यंत्रणेशेजारी दररोज कित्येक तास काम करणारे डीजे, तंत्रज्ञ व वाहनचालक यांना श्रवणहानीचा धोका श्रोत्यांपेक्षा अधिक असतो. त्यांच्यासाठी कर्णरक्षक वापरणे आवश्यक मानले जाते. मर्यादित पातळीवर चालणारी यंत्रणा कमी तापते, जनरेटरवर कमी भार टाकते आणि ध्वनिवर्धकांचे आयुष्य वाढवते. त्यामुळे ध्वनिमर्यादेचे पालन हा तांत्रिक बिघाड टाळण्याचाही एक उपाय ठरतो.

हे सुद्धा पहा

* ध्वनिप्रदूषण
* ध्वनिवर्धक
* अर्थिंग
* वर्धा जिल्हा
* महावितरण